जबाब अहिराणीत, कागद मराठीत

धुळे किंवा जळगाव जिल्ह्यातला पोलिसांनी नोंदवलेला कुठलाही जबाब काढून पाहा. त्याची पहिली आणि शेवटची ओळ ठरलेली असते. सुरुवातीला ‘समक्ष विचारल्यावरून जबाब लिहून देतो की’, आणि शेवटी ‘माझा वरील जबाब मला वाचून दाखविला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे’. मधला मजकूर मराठी. सांगणारा अमळनेर, पारोळा, शिंदखेडा, साक्री भागातला असेल, तर तो बोललेला असतो अहिराणी. ‘लिहून देतो’ म्हणणाऱ्याने एक अक्षरही लिहिलेलं नसतं, आणि ‘विचारल्यावरून’ या एका शब्दात विचारलेले सगळे प्रश्न गडप झालेले असतात.

एकच प्रत्यय घेऊ. अहिराणीत ‘त्यानी मारं’ म्हणजे त्याने मारलं, मारणारा एक. मारणारे अनेक असले तर अहिराणी माणूस ‘त्यास्नी मारं’ म्हणतो, कारण या भाषेत अनेकवचनाची खूण ‘स’ आहे: त्यासले म्हणजे त्यांना, त्यासना म्हणजे त्यांचा, लोकेसले म्हणजे लोकांना. प्रमाण मराठीला सरावलेल्या कानाला मात्र ‘त्यानी’ हे ‘त्यांनी’ असं ऐकू येतं. टंकलेखनात एक अनुस्वार वाढतो आणि एकाचे अनेक होतात. फौजदारी कायद्यात तर डोकी मोजून कलम लागतं. भारतीय न्याय संहितेत पाच किंवा अधिक जण जमले तर बेकायदेशीर जमाव होतो, पाच किंवा अधिकांनी मिळून जबरी चोरी केली तर दरोडा होतो, आणि सामाईक इरादा दिसला तर कलम ३(५) खाली एकाच्या कृत्याची जबाबदारी दुसऱ्यावरही येते. पुढे साक्षीदार कोर्टात उभा राहतो, जे घडलं तेच पुन्हा अहिराणी वळणाने सांगतो, आणि उलटतपासणीत त्याचंच वाक्य त्याच्या जबाबाशी विसंगत ठरतं. वकिलांच्या भाषेत हे ‘कॉन्ट्रॅडिक्शन’. त्यातून खोटा ठरतो साक्षीदार.

हे एखाद्या लेखनिकाच्या निष्काळजीपणाचं प्रकरण नाही. खानदेशात बोलण्याची भाषा आणि लिहिण्याची भाषा एकच होती असा काळ शोधून सापडत नाही. बोललेलं कागदावर उतरवताना मध्ये कोणीतरी बसलेला असतो, आणि इथल्या सत्तेचा मोठा भाग कायम त्या मधल्या जागेवर राहिला आहे. राजे बदलले, लिपी बदलली, ती जागा राहिली.

बऱ्हाणपूरच्या फारुकींचं राज्य १३८२ पासून आणि १६०१ मध्ये असीरगड पडल्यावर मोगलांचा सुभा, अशी चार शतकांच्या आसपास या भागाच्या वरच्या दप्तराची भाषा फारसी होती. तिचा गाळ आजही सातबाऱ्याच्या तळाशी आहे. मौजे, कसबे, परगणा, जमाबंदी, कब्जा, वारस, जप्ती, फिर्याद, अर्ज, पंचनाम्यातला ‘नामा’ हे सगळं तिथून आलं. जुन्या उताऱ्यात ‘गोविंदा वल्द सखाराम’ असतं, त्यातला ‘वल्द’ म्हणजे मुलगा. बाईच्या नावापुढे ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ लागतं आणि मग नवऱ्याचं नाव. ‘सखू भ्रतार गोविंदा’ वाचताना आजच्या पोरांना भ्रतार हे आडनाव वाटतं. या शब्दांची गंमत अशी की ते परके असूनही गावात मुरले. ‘जप्ती’ कशाला म्हणतात हे खानदेशातल्या कुठल्याही निरक्षर शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. शब्द परका असला म्हणून तो जाचतोच असं नाही. तो रोज कानावर पडतो की वर्षातून एकदा फक्त नोटिशीत दिसतो, यावर ते ठरतं.

गावपातळीवर लिहिणं कुळकर्ण्याकडे होतं आणि ते मोडीत होतं. मोडी ही घाईची लिपी. आधी आडवी रेघ ओढून घ्यायची, मग तिच्याखाली हात न उचलता अक्षरं गुंफत जायची. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, आणि ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही. लिहिणाऱ्याला सोयीची, न शिकलेल्याला बंद. गावात ती वाचू शकणारी घरं बोटावर मोजण्याइतकी, आणि तीच घरं हिशेब ठेवणार, तीच खत लिहिणार, तीच भांडणात दाखला काढून देणार. १९५० च्या कायद्याने कुळकर्णी वतन गेलं, मोडीही शाळेतून हद्दपार झाली. पण कागद राहिले. आज जातीच्या दाखल्यासाठी किंवा वाटणीच्या दाव्यासाठी शंभर वर्षांपूर्वीची नोंद लागली की पुन्हा मोडी वाचणाऱ्याच्या दारात जावं लागतं. आजोबाचं नाव मोडीत कसं लिहिलंय हे नातवाला कळत नाही, त्याला लिप्यंतर करून देणाऱ्यावर विसंबावं लागतं. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थेत (स्थापना १९२७) जुने मोडी-फारसी कागद जपले गेले, ते इतिहासासाठी. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षातल्या मोडी बस्त्यांचं महत्त्व लोकांना पटलं ते आरक्षणाच्या निमित्ताने.

१८१८ मध्ये इंग्रज आले. कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळ्यात बस्तान बसवलं, १८२५ मध्ये धरणगावला औट्रमने भिल्ल पलटण उभी केली. इंग्रजी दप्तराने दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे शेताला आकडा दिला. बरडीचं वावर, खारीचं वावर, नाल्याकाठचं वावर अशी नावं गावाला पाठ होती. मोजणीनंतर मालकी सिद्ध करायची तर सर्व्हे नंबर सांगावा लागू लागला. १८५२ मध्ये सावदा, फैजपूर, एरंडोल या भागात मोजणीला लोकांनी एवढा विरोध केला की सैन्य आणून पुढाऱ्यांना पकडावं लागलं. मूळ धास्ती सारा वाढण्याची होती, हे खरं. पण ज्या कागदावरून सारा ठरणार तो आपल्याला वाचता येत नाही, हेही त्या धास्तीत होतंच.

दुसरी गोष्ट म्हणजे माणसांना खाती पाडून दिली. दप्तरातला ‘भिल्ल’ हा शब्द जातीचं नाव कमी आणि वर्तनाचा शेरा जास्त होता. तो शेरा गावाच्या बोलण्यातही उतरला. महसुली कागदात पाटलाच्या घरचा माणूस ‘राव’ किंवा ‘जी’ लावून येतो. भिलाटीतला माणूस ‘सुक्या’, ‘बुध्या’, ‘काल्या’ असा येतो. हे ‘-या’ लडिवाळ हाकेतही असतं. पण आई ‘बुध्या’ म्हणते आणि खत लिहिणारा ‘बुध्या’ लिहितो यात फरक आहे, कारण खत पुढच्या तीन पिढ्या वाचतात. १८५८ मध्ये आंबापाणीला इंग्रजांशी लढलेला सातपुड्याचा नाईकही मराठीत ‘खाज्या’ म्हणूनच उरला. उलट बाजूला ‘पाटील’ पाहा: गावकामगाराच्या हुद्द्याचं नाव, पण खानदेशात मराठा, लेवा, गुजर, राजपूत अशा किती समाजांनी ते आडनाव म्हणून उचललं! १९६३ पासून मुलकी पाटलाचं वंशपरंपरागत पद संपलं, आडनाव वाढतंच गेलं.

‘भिलाटी’ हा शब्दही असाच. गावकुसाजवळची भिल्लांची वस्ती, एवढाच त्याचा अर्थ. पण ‘भिलाटीतला’ हे विशेषण कोण कोणाला कसं लावतं ते खानदेशात वाढलेल्याला सांगायला नको. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने जातिवाचक वस्त्यांची नावं बदलायचं ठरवलं. त्याच्या आधीपासूनच अनेक गावांत भिलाटीच्या तोंडाशी ‘एकलव्यनगर’ अशी पाटी दिसू लागली होती. पाटी बदलली तरी ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदवहीत, रेशनकार्डावर आणि मतदार यादीत नाव वेगवेगळ्या वेळी बदलतं, आणि मधल्या काळात एकाच घराचे तीन पत्ते होतात. पत्ता न जुळल्याने अर्ज अडकतो तेव्हा लोक वैतागून जुनंच नाव सांगतात.

आता भाषेच्या प्रतवारीकडे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ चं. त्यानंतर सरकारी क्रमिक पुस्तकं आली आणि पुण्याकडच्या शिकलेल्या वर्गाची मराठी ही ‘मराठी’ ठरली. बाकी सगळ्या ‘बोली’ झाल्या. अहिराणीच्या बाबतीत हे जास्त बोचतं, कारण ती प्रमाण मराठीची मोडतोड नाही. तिचे नियम स्वतःचे आहेत आणि पक्के आहेत. ‘चा-ची-चे’ ऐवजी ‘ना-नी-नं’: मना भाऊ, तुनी बहीण. ‘ला’ ऐवजी ‘ले’: माले, तुले. ‘त’ ऐवजी ‘मा’: घरमा, वावरमा. ‘आहे’ ऐवजी ‘शे’, ‘करतोय’ ऐवजी ‘करी ऱ्हायना’. ‘ळ’ चा ‘य’ होतो: डोया, काया, शाया, जळगावचं जयगाव. तीही एकच नाही: खाल्यांगी, वरल्यांगी, तप्तांगी, डोंगरांगी असे तिचे वळणाचे भेद गावकरी स्वतःच सांगतात, आणि नाशिक जिल्ह्यातल्या बागलाण, मालेगाव, कळवणपर्यंत ती पसरलेली आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२ मध्ये आले, १९७२ मध्ये आणखी चार जोडले गेले. ते लिहिण्याचे नियम होते. शाळेत मात्र ते उच्चाराला लावले गेले. ‘पानी’ आणि ‘शाया’ म्हणणारं पोर वर्गात चुकीचं ठरलं. ते नियमानेच बोलत होतं. तो नियम कोणत्याच पुस्तकात छापलेला नव्हता.

इथे एक नेहमीची गल्लत. बहिणाबाई चौधरींची (१८८०–१९५१) भाषा अहिराणी म्हणून सर्रास सांगितली जाते. ती जळगाव, यावल, रावेर, भुसावळ पट्ट्यातली लेवा बोली आहे. ‘मले-तुले’ आणि ‘डोया’ दोन्हीकडे आहे म्हणून बाहेरच्याला एकच वाटतं. ‘शे’ आणि ‘ना-नी’ आले की अहिराणी सुरू होते. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० मध्ये सुरू झालं आणि २०१८ मध्ये त्याला बहिणाबाईंचं नाव दिलं गेलं. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईचं नाव पदवीच्या कागदावर आलं, ही गोष्ट छोटी नाही. तिच्या बोलीत उत्तरपत्रिका लिहिली तर किती गुण पडतील, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

अहिराणी भाषा की बोली, हा वाद भावनेचा मानला जातो. कागदावर त्याची दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही सरकारीच आहेत. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात मराठीला १९०५ मध्ये स्वतंत्र सातवा खंड मिळाला. खानदेशी त्यात नाही. ती १९०७ च्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिल्ली भाषांबरोबर आहे. भारताच्या जनगणनेतही ‘खानदेशी’ हे अनुसूचीबाहेरच्या भाषांतलं वेगळं शीर्षक आहे आणि त्याच्या पोटात अहिराणी, डांगी, गुजरी येतात. म्हणजे दिल्लीच्या तक्त्यात ती मराठीहून वेगळी, आणि मुंबईच्या शिक्षण व न्याय व्यवस्थेत मराठीची बोली. कुठल्या खिडकीवर तुम्ही उभे आहात त्यावर तुमची मातृभाषा ठरते.

जनगणनेचे आकडेच पाहा. खानदेशी मातृभाषा सांगणारे १९९१ मध्ये ९,७३,७०९. २००१ मध्ये २०,७५,२५८. २०११ मध्ये १८,६०,२३६. दहा वर्षांत दुपटीहून जास्त आणि पुढच्या दहा वर्षांत दोन लाखांनी कमी, असं पाळण्यामुळे होत नाही. यात मोजलं गेलंय ते लोकांनी ‘अहिराणी’ किंवा ‘खानदेशी’ हा शब्द उच्चारला का, आणि प्रगणकाने तो तसाच लिहिला का. मातृभाषा म्हणजे लहानपणी आई ज्या भाषेत बोलायची ती, अशी जनगणनेची व्याख्या आहे आणि सांगितलं तेच लिहायचं अशी सूचना आहे. प्रत्यक्षात प्रगणक बहुधा शाळामास्तर. मास्तरासमोर अहिराणी माणूस आपसूक मराठीकडे सरकतो. प्रश्न मराठीत, उत्तर मराठीत, म्हणून रकान्यातही मराठी. शिवाय १९७१ पासून दहा हजारांहून कमी बोलणाऱ्यांच्या भाषा तक्त्यात नावानिशी छापल्या जात नाहीत. सातपुड्याच्या आणि तापीकाठच्या छोट्या समाजांच्या बोली त्यामुळे ‘इतर’ मध्ये जातात.

हा रकाना किती वजनदार असू शकतो ते १९६० मध्ये दिसलं. द्वैभाषिक मुंबई राज्य फुटताना डांगवर दोन्ही बाजूंनी हक्क सांगितला. डांगी आमच्याच भाषेची बोली, असे दाखले इकडूनही आले आणि तिकडूनही. डांग गुजरातला गेला आणि पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा तालुक्यांतली काही गावंही गेली. आजच्या जनगणनेत डांगी ना गुजरातीखाली आहे ना मराठीखाली. ती खानदेशीखाली आहे. सीमा मात्र तेव्हा आखली ती आखली.

महाराष्ट्र झाल्यावर राजभाषेचं काम जोरात सुरू झालं. जुलै १९६० मध्ये भाषा संचालनालय, मग पदनाम कोश, १९६४ चा राजभाषा अधिनियम. कलेक्टर जिल्हाधिकारी झाला, सर्कल मंडळ अधिकारी झाला. इंग्रजी गेली, हे चांगलंच झालं. पण तिच्या जागी जी मराठी आली ती कोणाच्याच घरात बोलली जात नव्हती. ‘उपरोक्त’, ‘अन्वये’, ‘सबब’ हे शब्द सरावाने कळतात. खरी अडचण क्रियापदाची आहे. ‘नोंद घेण्यात आली’, ‘नाव कमी करण्यात आले’, ‘अर्ज निकाली काढण्यात येत आहे’: या वाक्यांत कर्ता नाही. अहिराणीत हीच गोष्ट सांगायची तर माणूस म्हणेल, ‘तलाठीनी नाव कमी करी दिन्हं’. तो ‘नी’ लावून कर्त्याला पुढे उभा करतो. कागद त्याला मागे नेतो. कर्ता नसलेल्या वाक्याविरुद्ध तक्रार कोणाच्या नावाने करायची? म्हणून असा कागद हाती आला की पहिलं काम एकच: आदेश क्रमांक, तारीख आणि खालच्या सहीचा हुद्दा शोधणं. कर्ता तिथे सापडतो. हुद्दा मात्र त्या तारखेला जे पदनाम होतं तेच लिहावा, कारण तीही बदलतात: २०२४ मध्ये तलाठी ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाला आणि ग्रामसेवक ‘ग्रामपंचायत अधिकारी’.

सातबाऱ्यातली दोन लघुरूपं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञानाचा पालनकर्ता. इथे अज्ञान म्हणजे अठरा वर्षांखालचा; अडाणी नव्हे. आणि ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. बाप वारला की चार भावांपैकी थोरल्याचं एकट्याचं नाव लावायचं आणि पुढे ‘ए.कु.मॅ.’ लिहायचं, अशी पद्धत होती. अर्थ असा की जमीन सगळ्यांची, नाव व्यवहारापुरतं. हस्तलिखित सातबारा दर दहा वर्षांनी नव्याने उतरवला जायचा. त्या नकलेत ही तीन अक्षरं गळाली की थोरला भाऊ कागदोपत्री एकटा मालक. धाकट्याला हे कळतं ते थोरल्याचा मुलगा जमीन विकायला काढतो तेव्हा. मग गावात एवढंच वाक्य उरतं: ‘मनं वावर भाऊनी नाववर करी लिन्हं.’ भावाने काही केलेलंच नसण्याची शक्यता असते. नक्कल करणाऱ्याचा हात तीन अक्षरं आधी थांबलेला असतो. उपाय आहे, पण तोही कागदाचाच. ज्या वर्षापर्यंत ‘ए.कु.मॅ.’ दिसतं तो जुना उतारा आणि ज्या फेरफाराने थोरल्याचं नाव लागलं त्याची नक्कल, दोन्ही काढायच्या. नुसती लेखनाची चूक असेल तर महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडे दुरुस्तीचा अर्ज. फेरफार मंजूर करतानाच चूक झाली असेल तर कलम २४७ खाली प्रांताकडे अपील, तेही आदेशापासून साठ दिवसांत. उशीर झाला असेल तर विलंब माफीचा वेगळा अर्ज जोडावा लागतो. बहुतेकांचं इथेच चुकतं. अपिलाच्या प्रकरणात दुरुस्तीचा अर्ज देतात, तो वर्षभराने ‘या कलमाखाली विचार करता येत नाही’ म्हणून परत येतो, आणि मुदत निघून गेलेली असते.

जातीच्या दाखल्यात तर एका अक्षरावर पिढ्या तोलल्या जातात. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचे पुरावे मागितले जातात. ते मिळतात शाळेच्या जनरल रजिस्टरात आणि गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे जन्म-मृत्यूच्या त्या वहीत, जिला लोक कोतवाल बुक म्हणतात. लिहिणाऱ्याने १९३० च्या सुमारास घाईत नुसतं ‘कोळी’ लिहिलं, ‘टोकरे कोळी’ (ही अनुसूचित जमात) लिहिलं नाही, की नातवाचा दावा डगमगतो. धनगर समाजाचा सगळा दावा अनुसूचित जमातींच्या यादीतल्या ‘धनगड’ या नोंदीतल्या ‘ड’ वर उभा होता; मुंबई उच्च न्यायालयाने तो २०२४ मध्ये फेटाळला. आणखी एक विरोधाभास असा की पडताळणीत दक्षता पथक घरी येतं तेव्हा देवदेवता, चालीरीती आणि बोली यांची विचारपूस करतं. ज्या बोलीला शाळेने दहा वर्षं अशुद्ध म्हटलं, ती आता शुद्ध स्वरूपात बोलून दाखवायची! सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये स्पष्ट केलं की ही आप्तभाव चाचणी एकमेव कसोटी धरता येणार नाही; शिक्षण, स्थलांतर, शेजार यांनी माणसं बदलतात.

सातपुड्यात चित्र वेगळं आहे. अक्राणीत पावरी, नवापूरकडे मावची, अक्कलकुव्याकडे वसावी: इथे बोलणाऱ्याला मराठीच परकी. शहादा-तळोद्यात १९७० च्या आसपास अंबरसिंग सुरतवंती आणि १९७२ मध्ये सुरू झालेली श्रमिक संघटना यांनी ज्या जमिनींचा प्रश्न उचलला, त्यांतल्या कित्येक आदिवासींच्या हातून सुटल्या होत्या त्या कागदांमुळे, ज्यांवर अंगठा त्यांचा आणि मजकूर दुसऱ्याचा होता. कर्ज, गहाण आणि खरेदी या तीन व्यवहारांची खतं अंगठा देणाऱ्याला सारखीच दिसतात. १९७४ च्या कायद्याने आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला जायला अटकाव केला आणि गेलेली परत करण्याची वाट काढली. सालदारकीचंही, म्हणजे वर्षाच्या बोलीवरच्या शेतमजुरीचंही, तसंच. खानदेशात साल आखाजीला (अक्षय तृतीयेला) संपतं आणि आखाजीलाच नवं ठरतं; धान्य किती, रोकड किती, सगळं तोंडी. पण उचल मालकाच्या वहीत लिहिलेली. भांडण झालं की तोंडी बाजू हवेत आणि लेखी बाजू पुढ्यात.

या पार्श्वभूमीवर २००६ चा वनहक्क कायदा वेगळा आहे, कारण त्याने तोंडी सांगण्याला पुरावा मानलं. दाव्याला दोन पुरावे लागतात आणि त्यांत ‘वडीलधाऱ्यांचा लेखी उतरवलेला जबाब’ बसतो. मोठी सोय; पण पुन्हा ‘उतरवलेला’. पावरीतून सांगितलेलं मराठीत उतरवताना नेमक्या दोन गोष्टी गळतात: काळ आणि जागा. ‘बाप कसत होता’ एवढं पुरत नाही. कायद्याची तारीख १३ डिसेंबर २००५ आहे. म्हातारा साल सांगणार नाही, तो कुठल्या दुष्काळात, कोणाच्या लग्नाच्या साली, धरणाचं पाणी यायच्या आधी की नंतर असं सांगेल. ते जसंच्या तसं लिहावं आणि पुढे कंसात साल मांडावं. लिहिणारे बऱ्याचदा उलट करतात, नुसतं ‘सन २००० पासून’ लिहितात. मग एकाच गावाचे चाळीस जबाब एकसारखे दिसतात आणि साचेबंद म्हणून बाजूला पडतात. जागेचंही तेच: ओढा, टेकडी, देवाचं झाड यांची पावरी नावं ठेवून त्यांच्या बाजूला वनखात्याचा कंपार्टमेंट नंबर द्यावा. ग्रामसभेत हा जबाब मोठ्याने, पावरीत परत सांगितला गेला पाहिजे. निम्मी गणसंख्या आणि त्यात एक तृतीयांश बाया ही अट सह्यांपुरती उरली की चूक पकडणारं कोणी नसतं.

कोर्टाकडे परत. १९९८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रातल्या कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी झाली. साक्षीदार दुसऱ्या भाषेत बोलला तर शक्य असल्यास त्याच भाषेत टिपायचं, नाही तर तिथल्या तिथे खरं भाषांतर करायचं, अशी तरतूद आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम २७७ होती, आता नागरिक सुरक्षा संहितेत ३१२ आहे. पावरी बोलणाऱ्यासाठी दुभाषा मागता येतो. अहिराणी बोलणाऱ्यासाठी तो कोणी मागत नाही, कारण अहिराणी सगळ्यांना ‘समजते’. अडचण नेमकी या अर्धवट समजण्यात आहे. हातात असलेली गोष्ट कलम ३१३: साक्ष वाचून दाखवायची, आणि साक्षीदाराने चूक दाखवली तर दुरुस्त करायची किंवा निदान त्याचा आक्षेप टिपून ठेवायचा. ‘बरोबर शे’ म्हणून मोकळं होण्याआधी तीन ठिकाणी कान द्यावा: मारणारा एक की अनेक, पाहिलं की ऐकलं, आणि ‘आठे’ (इथे), ‘तठे’ (तिथे) म्हणजे नेमकं कुठे म्हणून लिहिलंय. पोलीस जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नाही असा कायदाच आहे. फिर्यादीवर मात्र सही असते आणि तिची प्रत फुकट मिळते. ती घरी नेऊन जाणत्याकडून अहिराणीत वाचून घ्यावी, त्याच दिवशी.

माहिती अधिकारात तर चक्क शब्द मोजले जातात. राज्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांत हवा. कचेरीची भाषा येणाऱ्याला दीडशे शब्द पुष्कळ. न येणारा पहिले शंभर आपली हकिगत सांगण्यात घालवतो. २००५ च्या मूळ कायद्यात लिहिता न येणाऱ्याचा तोंडी अर्ज माहिती अधिकाऱ्याने लिहून घ्यायला मदत करावी असं कलम ६ मध्ये आहे. खिडकीवर हे कलम नंबरासकट सांगितलं की कागद पुढे सरकतो, न सांगितलं की ‘लिहून आणा’.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला. पुढची शिरगणती २०२७ ची आहे, मोबाइलवर. मातृभाषेचा प्रश्न पुन्हा येईल, आणि बहुतेक दारांत तो मराठीतच विचारला जाईल. ‘मातृभाषा कोणती’ असं विचारलं की खानदेशी घरातून ‘मराठी’ येतं. ‘तुमनी माय तुमनासंगे कोनती भाषा बोले’ असं विचारलं की उत्तर बदलतं.